मुक्कामी माणसाची जबाबदारी

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेले पंजाबचे हजारो भाविक अडकले. एप्रिलअखेर बसगाड्या मिळेपर्यंत, महिनाभर, त्यांना यात्री निवासांचा आसरा आणि लंगरचे जेवण होते. ही टाळेबंदीही आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचीच, म्हणजे तीही आपत्तीच होती. साथ असो की पूर, अडकलेल्याची गत तीच.

गुरुद्वाऱ्याला सेवेची परंपराच आहे. बसस्थानकामागच्या लॉजचे काय? लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, लोक साखरझोपेत असताना. अशा वेळी परगावच्या पाहुण्याला जिना कुठे, मोकळे मैदान कुठे, हे सांगायला काउंटरवरचा रात्रपाळीचा पोऱ्याच असतो. त्यालाही ते कुणी शिकवलेले असेल, तर नवल! नोंदवहीत पाहुण्याचा पत्ता, आधारची झेरॉक्स सगळे घेतात. घरच्यांचा नंबर कितीजण घेतात?

लातूर आणि नांदेड महापालिकांनी लॉजमालकांना एवढे तरी विचारावे : रात्री जबाबदार माणूस कोण, पाण्याचा साठा किती, आणि पुराने रस्ते बंद झाले तर वाढीव दिवसांचे भाडे कसे लावणार? शेवटचा प्रश्न झोंबेल. झोंबू द्या. मात्र छोट्या लॉजवाल्याने वाढीव दिवसांचा भुर्दंड एकट्याने सोसावा, ही अपेक्षाही रास्त नाही. त्यातला वाटा जिल्हा प्रशासनाने उचलावा.