रोवणीनंतरचे आठ दिवस आणि दिवाडीचे बेट



श्रावण अर्धा सरला की आमगाव-सालेकसा भागातल्या बांध्या हिरव्यागार होतात. रोवणी उरकलेली असते, घरच्या बायकांच्या कंबरा अजून पुरत्या सरळ झालेल्या नसतात आणि हलके धान कापायलाही दीड-दोन महिने अवकाश असतो. नोकरदाराच्या वर्षात रजेचे दिवस छापून येतात, आपल्या वर्षात ते शोधून काढावे लागतात. ते सापडलेच तर या दिवसांत सापडतात.

आता घरात हा विषय काढून पाहा. घरची लक्ष्मी म्हणते, ‘का जी, चार दिवस कुठं जाऊन यायचं का?’ त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘अन् ढोरं कोण पाहील?’ मग कोपऱ्यातून म्हातारी बोलते, ‘मी पाहीन नं ढोरं. जाऊन या बापा एकदाचे.’ नव्याण्णव घरांत बोलणे इथेच थांबते. शंभराव्या घरासाठी आजचे हे लिहिणे आहे.

कुठे जावे? आम्ही म्हणतो, बेटावर जावे. हसू नका. बेट म्हटले की विमान, अंदमान आणि सिनेमातली माणसे डोळ्यांपुढे येतात. पण गोव्यात मांडवी नदीच्या मुखाकडे नदीतच वसलेले एक बेट आहे, दिवाडी. इंग्रजी पाट्यांवर त्याला दिवार लिहितात. त्याचे जुने नाव दीपवती. तिथे नारळ आहे, जुनी कौलारू घरे आहेत, आणि सखल भागात आपल्यासारखीच धानाची शेती आहे. धान पिकवणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणून जायला याहून ओळखीचे परके गाव मिळणार नाही.

शिवाय काळही आपल्या सोयीचा आहे. गोव्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा आणि मग मे महिन्याच्या सुट्टीचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे मंदी. समुद्रकाठची झोपडीवजा हॉटेले पावसाआधीच उतरवून ठेवतात, खोल्या रिकाम्या पडतात आणि भाडे खाली येते. आपली सवड आणि त्यांची मंदी एकाच महिन्यात येते, मग घासाघीस करायला लाजायचे कशाला? भाव विचारा, दोन ठिकाणी विचारा आणि मगच खोली घ्या. आपल्या धानाचा भाव करताना व्यापारी लाजतो का?

आपल्या राज्यातले एखादे बेट का नको, असेही कोणी विचारील. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला समुद्रातल्या बेटावर आहे आणि आयुष्यात एकदा पाहावा असा आहे. पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तिकडे जाणाऱ्या होड्या बंद ठेवतात. दिवाडी नदीत आहे, तिथली फेरीबोट पावसातही चालते.

निघण्याआधी पिकाचा हिशेब. रोवणी झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस घर सोडू नये. नांगे भरायचे असतात आणि बांधीतले पाणी सांभाळायचे असते. निंदण व्हावे, फुटव्यांच्या वेळचा म्हणजे महिन्याभराचा युरियाचा हप्ता द्यावा आणि मग निघावे. त्यानंतरचा हप्ता लोंबी पोटात धरताना, तोवर हातात थोडे दिवस असतात. मागे राहणाऱ्याला मात्र नीट सांगून जा. आपल्या भागात याच दिवसांत गादमाशीचा त्रास होतो. बांधीत चंदेरी पोंगे दिसू लागले तर ‘भाऊ येईल तेव्हा पाहू’ म्हणून थांबू नये, कृषी सहायकाला लगेच दाखवावे. तुडतुडे बुडख्याशी बसतात, तेव्हा धुऱ्यावरून नजर टाकून भागत नाही, बांधीत उतरावे लागते. हे काम शेजाऱ्याकडे सोपवले असेल तर कापणीच्या वेळी त्याचे एक-दोन दिवस आपण भरून द्यावेत. ढोरांचेही तसेच.

वाट लांबची आहे, ते लपवत नाही. आमगावहून गोंदिया गाठावे आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर. ही गाडी राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, चोवीस तासांहून जास्त वेळ घेते. शिदोरी दोन वेळची बांधा. भाकरी, तिखट-मीठ आणि मुलांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा. कोल्हापूरहून पणजीला एसटी मिळते. घाट उतरायचा असतो आणि पावसात दरडींची भीती असते, म्हणून रात्रीची गाडी टाळून सकाळची धरावी. राज्य परिवहनच्या गाड्यांत २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. पुढचे पूर्ण पैसे सुटे काढून ठेवा, म्हणजे कंडक्टरशी हुज्जत नको. जाण्यायेण्यात चार दिवस आणि तिथे चार, असे आठ दिवस धरून चला. एवढे दिवस निघत नसतील तर यंदा बेत करू नका, धावतपळत जाऊन पैसा आणि शीण दोन्ही वाढतात.

पणजीहून जुने गोवे नऊ-दहा किलोमीटर. तिथे जाणारी सरकारी बस कदंब महामंडळाची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. बेट आणि जुने गोवे यांच्यामध्ये पूल नाही. मोटारी, फटफट्या, मासळीच्या टोपल्या आणि शाळेची पोरे सगळी एकाच सपाट बोटीवर उभी राहतात, आणि पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. काही मिनिटांतच पलीकडचा काठ लागतो. गोंगाट अलीकडेच राहतो.

बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपाशी चढून जावे. तिथून मांडवी दिसते, पलीकडे जुन्या गोव्यातल्या चर्चचे मनोरे दिसतात आणि खाली हिरवी शेते. ती शेते पाहताना आपला माणूस थबकणारच, कारण जरा निरखले तर शेत खाली आणि भरतीच्या वेळी नदीचे पाणी वर, असा प्रकार दिसतो.

या जमिनीला तिथे खाजन म्हणतात. समुद्र जवळ असल्यामुळे मांडवीला दिवसातून दोनदा भरती येते आणि खारे पाणी नदीतून आत शिरते. आपल्याकडे बांध घालतात तो पाणी अडवून ठेवायला. इथे बांध घालतात तो पाणी बाहेर ठेवायला. शतकानुशतके माती, पेंढा आणि जांभा दगड घालून हे बांध उभे केले गेले. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारे असतात, त्या जागेला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. ना इंजिन, ना वीज, ना चौकीदार! दहा-पंधरा मिनिटे उभे राहून मुलांना हे दाखवा. शाळेच्या पुस्तकातला पाण्याचा दाब त्यांना इथे डोळ्यांनी दिसेल.

पहिल्या जोरदार पावसाने जमिनीतला खार धुऊन निघतो, मग मोड आलेले बी फेकून पेरतात. आपल्या आवत्या धानासारखेच म्हणा. इथला जुना वाण कोरगूट. उंच वाढतो, उत्पन्न बेताचे, पण खार सोसतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या दुपटीहून अधिक. एवढे पाणी धुऊन जाते म्हणूनच ही शेती होते. एक मात्र करू नका. हौसेने कोरगुटाचे बी मागून आणून आपल्या बांधीत टाकू नका. आपल्या जमिनीत खार नाही, त्यामुळे त्याचा गुण वाया जाईल आणि उंच ताट लोळेल तेवढे.

हे बांध सांभाळायचे कोणी? पूर्वी गावकरी नावाची गावाची संस्था होती, पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. जमीन गावाची, बांधाची दुरुस्ती गावाची, मानशीजवळची मासेमारी लिलावाने द्यायची आणि पैसा गावाच्या कामाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पुढे कुळकायदे आले, कुळांच्या हाती जमीन गेली. ते न्याय्यच झाले. पण बांध कोणी बांधायचा हा प्रश्न मागे राहिला. बांध एके ठिकाणी फुटला की खारे पाणी शिरते आणि एकाची नव्हे, सगळ्यांची शेते बुडतात. मजूर मिळत नाहीत, तरुण माणसे परदेशी गेली, म्हणून गोव्यात कितीतरी खाजन पडीक आहे. कुलूप लावलेली मोठमोठी घरे तुम्हांला दिवाडीवरही दिसतील.

ही गोष्ट ऐकून आम्हांला आपले मालगुजारी तलाव आठवतात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तेव्हा आमगाव मध्य प्रदेश राज्यात होते. जुलमी पद्धत गेली हे उत्तम झाले. पण तलावाची पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाट साफ ठेवणे हे ज्याच्या हुकमाने होई तो गेला आणि त्या जागी गाव म्हणून आपण पुरते उभे राहिलो नाही. तलाव सरकारचा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाही. दिवाडीच्या बांधावर उभे राहून नवराबायकोने यावर दोन शब्द बोलावेत. परक्या गावाचे दुखणे आपल्याला बोचत नाही, म्हणून त्याकडे नीट पाहता येते.

बांधाच्याच भांडणाची आणखी एक गंमत या बेटावर आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मळार गावात बोंदेरा नावाचा उत्सव भरतो. सांगतात ते असे, की जुन्या काळी वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या होत. पोर्तुगीज सरकारने हद्दीवर निशाणे रोवून दिली, तर लोकांनी दगड मारून निशाणेच पाडली. आज त्याची लुटुपुटीची लढाई होते. वाड्यावाड्यांची निशाणे मिरवतात, चित्ररथ निघतात, पोरे बांबूच्या नळीत रानफळे घालून फटाफट उडवतात. आपल्याकडे धुऱ्याच्या वितभर मातीसाठी सख्खे भाऊ गोंदियाच्या कोर्टात तारखा मोजतात! त्या दिवशी बेटावर माणसांचा पूर येतो, फेरीबोटीला रांगा लागतात. गंमत पाहायची असेल तर त्याच शनिवारी जा. निवांतपणा हवा असेल तर तो शनिवार सोडून.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे आहे. इथे सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचे हे कुलदैवत. आठवली ना ती बस? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले. भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोली भागात नेले, त्या गावाचे नावही नार्वेच. तिथे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा जीर्णोद्धार सुरू झाला, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. बेटावरच्या नार्व्याहून पलीकडे जायला फेरीबोट आहे. एक सकाळ यासाठी राखून ठेवा. मूळ जागा बेटावर आणि देव पलीकडे, दोन्ही एका फेरीत होतात.

जेवणाचे विचाराल तर भात आहेच, फक्त तो उकडा, जाडा आणि लालसर. पहिल्या घासाला पोरे तोंड वाकडे करतील, दुसऱ्या दिवशी मागून घेतील. एक जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ऑगस्टपासून मासळी पुन्हा येऊ लागते. श्रावण पाळणाऱ्यांनी खतखते मागावे, भाज्यांचे मिश्रण असते. तायकिळ्याची भाजीही मागा. पानात वाढल्यावर नीट पाहा, आमगावच्या रस्त्याकडेला माजतो तोच आपला तरोटा!

बेटावर राहण्याच्या खोल्या थोड्याच आहेत, आधी फोन करून ठरवावे. न मिळाल्या तर पणजीत मुक्काम करून रोज फेरीने यावे. बाकी तिथे धावपळीने पाहायचे असे काही नाही आणि तोच त्याचा गुण. घरच्या बाईला म्हणावे, आज चहा तुझ्या हाती आयता येईल. तिने पडवीत बसून पाऊस पाहावा. महिनाभर वाकून रोवणी केलेल्या बाईला दुपारी दोन तास कोणी हाक न मारणे ही केवढी चैन आहे, ते तिलाच विचारा. ओल्या जांभ्यावर पाय फार घसरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना रबरी तळाच्या वहाणा द्या. छत्र्या घरूनच न्या.

समुद्र पाहिल्याशिवाय पोरे परत येणार नाहीत, तेव्हा एक संध्याकाळ पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर न्या. पण पाण्यात उतरू देऊ नका. पावसाळ्यात खालचा ओढ जबर असतो, तळ्यात पोहणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो आत खेचतो. लाल निशाण दिसले की वाळूवरच बसावे, कणीस खावे.

परतीचे आरक्षण जातानाच करून ठेवा आणि पोळ्याची तारीख पाहून करा, बैलांना खांदशेकणीच्या दिवशी धनी घरी हवा. येताना ओझे नको. शेरभर आमसुले आणा, चार महिने वरणात पडतील. आणि ज्या म्हातारीने ढोरे पाहिली तिच्यासाठी खोबऱ्याची मऊ वडी, दात नसले तरी चालते.