चित्रातले पाडस

नागपूरच्या इतवारीत धान्याची एक जुनी घाऊक पेढी आहे. गल्ल्याच्या वर भगवान शांतिनाथांची तसबीर असून तिच्या तळाशी त्यांचे लांछन, म्हणजे हरिण, रेखाटलेले आहे. पेढीचे धनी ते हरिण बालपणापासून पाहत आले होते. पन्नाशी उलटल्यावर मुलाने व्यवहार हाती घेतला आणि त्यांनी कॅमेरा विकत घेतला, तेव्हा त्यांच्या दृष्टीपुढे वाघ नव्हता, हरिणच होते. ताडोब्यात जाणाऱ्या दहांपैकी नऊ जण वाघासाठी जातात. चितळांचा कळप रस्त्यालगत चरत असला तरी जिप्सी तेथे क्षणभरही थांबत नाही. हे गृहस्थ मात्र वाटाड्याला आधीच सांगून ठेवत, "वाघ दिसला तर ठीक, पण चितळापाशी गाडी उभी करा." सकाळची फेरी नवकारशीच्या आत सुरू होई आणि संध्याकाळच्या फेरीहून परतेपर्यंत सूर्यास्त होऊन जाई, त्यामुळे चौविहाराच्या नियमात जेवण राहूनच जाई. त्याचे त्यांना काही वाटत नसे.

दुसऱ्या वर्षी एका वैशाखी दुपारी त्यांना हवे तसे छायाचित्र मिळाले. कळपापासून दूर, उंच वाळल्या गवताच्या कडेला एक मादी एकटीच चरत होती. मान खाली होती आणि ती काही केल्या वर होईना. त्यांनी हातातल्या किल्ल्या जिप्सीच्या लोखंडी कठड्यावर दोनदा वाजवल्या. "साहेब, आवाज नको," असे वाटाड्या पुटपुटला, पण तोवर मादीने मान उचलली होती. कान पुढे, शेपटी ताठ, पुढचा एक पाय अधांतरी आणि दोन्ही डोळे थेट भिंगाकडे! कॅमेरा कडकडला. मादीने खूर आपटला, तीक्ष्ण ओरडली आणि झाडीत नाहीशी झाली.

हे छायाचित्र मोठे करून दिवाणखान्यात लागले. महावीर जयंतीला संघाच्या सभागृहात जीवदयेवरील प्रदर्शन भरले, त्यात ते प्रवेशद्वारापाशी होते. आल्यागेल्याने 'वा' म्हटले. पाठशाळेतील मुले त्याच्यासमोर उभी राहून स्वतःची छायाचित्रे काढून घेत होती. अशा कौतुकानंतर माणसाला आणखी कोणाचे मत हवेसे वाटते ते बहुधा मत म्हणून नसते, आणखी थोडे कौतुक म्हणूनच असते. त्याच भावनेने त्यांनी ते छायाचित्र शहरातील हौशी छायाचित्रकारांच्या मासिक बैठकीत नेले.

त्या बैठकीची रीत निराळी होती. छायाचित्रे नावाशिवाय मांडली जात. नुसते 'छान' म्हणण्यास मनाई होती आणि नुसते 'वाईट' म्हणण्यासही. जो दोष सांगेल त्याने तो कसा टळेल तेही सांगायचे. ज्याचे छायाचित्र असेल त्याने सर्वांचे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. पेढीवर तीस वर्षे स्वतःच शेवटचा शब्द बोललेल्या माणसाला ही शेवटची अट सर्वांत जड गेली.

एका महाविद्यालयीन शिक्षिकेने आरंभ केला. माथ्यावरच्या उन्हात चितळाच्या अंगावरचे ठिपके जळून नुसते पांढरे डाग झाले आहेत. सकाळच्या पहिल्या तासात, प्रकाश किंचित कमी घेऊन टिपले असते तर तांबूस अंगावर प्रत्येक ठिपका मोत्यासारखा सुटा दिसला असता. दुसऱ्याने सांगितले की जिप्सीत उभे राहून टिपल्यामुळे प्राणी वरून पाहिल्यासारखा ठेंगणा दिसतो; आसनावर बसावे, कठड्यावर पिशवी ठेवून भिंग शक्य तितके खाली आणावे. तिसऱ्याने खुरे चौकटीबाहेर कापली गेल्याचे दाखवले. केंद्र नाकावर आहे, डोळ्यावर नाही, हेही कोणी तरी दाखवून दिले. गृहस्थांचे कान तापले. मग त्यांना आठवले की गव्हाचा नमुना तळहातावर पसरून त्यातला एकेक खडा बोटाने बाजूला काढणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्यांना कधी राग आला नव्हता. तो माल विकत घेणारा असतो, म्हणूनच तो खोट काढतो. ज्याला घ्यायचा नाही, तो 'उत्तम आहे' म्हणून पुढच्या दुकानाची पायरी चढतो.

शेवटी वनखात्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर वनरक्षक उठले. त्यांना कॅमेऱ्यातले फारसे कळत नव्हते. त्यांनी विचारले, "ही मादी नंतर कुठे गेली?" नियम मोडून उत्तर देण्याची मुभा मिळाली. "पळाली." "आणि पाडस?"

पाडस तेथे नव्हतेच, असे गृहस्थ म्हणणार होते. वनरक्षकांनी चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. वाळल्या गवताच्या काड्यांमागे ठिपक्यांची एक ओळ होती आणि ओळीच्या टोकाला एक कान. आठ महिने ते चित्र घरात होते, शेकडो लोकांनी ते पाहिले होते, आणि ज्याने ते टिपले त्यालाही ते पाडस दिसले नव्हते.

"कळप सोडून मादी एकटी उंच गवतापाशी असेल तर पाडस जवळ दडवलेले असते," वनरक्षक म्हणाले. "पहिले काही दिवस ते हलत नाही, तीच त्याची ढाल. ही आपल्याकडे पाहत नाही, ही भ्यालेली आहे. पाय उचललाय तो आपटण्यासाठी, शेपूट उभारलीय ती धोक्याची खूण."

"ती परत आली असेल ना?"

"बहुधा आली असेल. येतात त्या. किती वेळाने, ते कसे सांगू? आणि तिचे ओरडणे ऐकून तिथे आधी कोण पोहोचले, तेही नाही सांगता येत."

त्या रात्री सामायिकाला बसताना गृहस्थ इरियावहियं सूत्रापाशी अडखळले. हे सूत्र त्यांना सातव्या वर्षापासून मुखोद्गत होते. जाता-येता घडलेल्या विराधनेची जी यादी त्यात आहे, तिच्यात जीव घेणे हे अगदी शेवटी येते. त्याआधी जीवांना लाथाडणे, धुळीत झाकणे, एकमेकांवर ढकलणे, शिणवणे, भयभीत करणे आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे, इतक्या सगळ्यांसाठी क्षमा मागितली आहे. आपण मांस खात नाही, शिकार करीत नाही, एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्याला ही मधली यादी बहुधा ऐकूच येत नाही. आपल्या परंपरेत 'आलोचना' हा शब्द प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिला आहे. गुरूंसमोर आपला दोष उघड सांगणे हा त्याचा अर्थ. त्या दिवशी आलोचना दुसऱ्यांनी केली होती, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यातले चित्र खाली उतरले. मुलाला कारण सांगावे लागले. सुनेने ते नातवालाही सांगितले.

वन्य हरणांच्या छायाचित्रणाचा आरंभही अशाच पेचातून झाला आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे मुळात शिकारी. पुढे त्यांनी बंदूक ठेवली आणि रात्री होडीतून सरोवराच्या काठाकाठाने जाऊन, मॅग्नेशियमच्या चूर्णाचा लखलखाट करून पाण्यावर आलेली हरणे टिपली. त्यांची 74 छायाचित्रे 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जुलै 1906 च्या अंकात आली आणि जग थक्क झाले. बंदुकीऐवजी कॅमेरा, ही पायरी फार मोठी होती. तरी काळोखात डोळ्यांसमोर फुटलेल्या त्या उजेडाने हरणाला काय वाटले असेल, हा प्रश्न उरतोच.

गृहस्थांनी कॅमेरा ठेवून दिला नाही. त्यांनी रोजमेळासारखी एक वही घातली, डाव्या पानावर पाहिलेले आणि उजव्या पानावर ऐकलेले दोष. भिंग टेकवण्यासाठी पिशवीत तांदूळ भरावेत असे मंडळात सुचवले होते. पत्नीने "अहो, त्यात जीव पडायचे," म्हणून सुती चिंध्या ठासून पिशवी शिवून दिली. ते चितळांपासून लांब गाडी थांबवू लागले, इंजिन बंद करून अर्धा-अर्धा तास बसू लागले. तेव्हा त्यांना कळले की वानरे ज्या झाडावर असतात त्याखाली चितळे जमतात, कारण वरून पाला आणि फळे गळतात आणि वरच्या पहारेकऱ्याचा इशाराही मिळतो. कान सैल पडले, मान पुन्हा गवतात गेली, की आपण त्यांच्या हिशेबातून वजा झालो. त्याआधी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

पुढच्या वर्षी बैठकीत त्यांचे दुसरे छायाचित्र आले. पहाटेचा प्रकाश, मोहाखाली पाच चितळे, एकही भिंगाकडे पाहत नाही. एक मादी पाडसाची पाठ चाटते आहे. वनरक्षक बराच वेळ ते निरखत राहिले. शिक्षिका म्हणाल्या, "उजवीकडची फांदी नराच्या शिंगांत मिसळली आहे. गाडी हातभर मागे घेतली असती तर शिंगे मोकळी झाली असती."

गृहस्थांनी वही उघडली आणि उजव्या पानावर लिहून घेतले.