आउटर बँक्स : दीपगृह सरकले, घरे मात्र समुद्राची वाट पाहत उभी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील केप हॅटरसचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह पाहण्यासाठी बक्स्टन गावात पर्यटक येत असतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासमोर वेगळेच दृश्य होते. किनाऱ्यावर लाकडी खांबांवर उभी असलेली डझनभराहून अधिक घरे एकामागून एक अटलांटिक महासागरात कोसळली. घरे रिकामी असल्याने जीवितहानी टळली. मात्र २०२० पासून बक्स्टन आणि त्याच बेटावरील रोडँथी या दोन गावांत अशी दोन डझनांहून अधिक घरे समुद्राने गिळली आहेत. दोष वादळांना देणे सोपे आहे. परंतु ही घरे पडेपर्यंत उभी का ठेवली जातात, याचे उत्तर हवामानशास्त्रात नाही, विम्याच्या नियमांत आहे.

आउटर बँक्स ही मुख्य भूमीपासून तुटलेल्या, वाळूच्या चिंचोळ्या बेटांची सुमारे ३०० किलोमीटरची रांग आहे. एका बाजूस खुला महासागर आणि दुसऱ्या बाजूस पॅमलिकोसारख्या उथळ खाड्या. वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे टाकतात. त्यामुळे संपूर्ण बेटच हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहते. सरकणे हीच या बेटांची टिकून राहण्याची रीत आहे. १९३० च्या दशकात मंदीग्रस्त बेरोजगारांना काम देताना सरकारने किनाऱ्यालगत वाळूचे लांबच लांब बांध उभारले आणि त्यांवर गवत लावले. या बांधांमागे रस्ता झाला, वस्ती झाली आणि जमीन स्थिर असल्याचा भास निर्माण झाला. १९५३ मध्ये येथे केप हॅटरस राष्ट्रीय सागरकिनारा हे देशातील अशा प्रकारचे पहिले संरक्षित क्षेत्र अस्तित्वात आले.

येथील प्रेक्षणीय स्थळांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या किल डेव्हिल हिल्स परिसरातून उड्डाण केले, तेथील टेकडीवर स्मारक बांधण्यापूर्वी सरकती वाळू गवत लावून रोखावी लागली. नॅग्स हेड येथील जॉकीज रिज ही वाळूची अजस्र टेकडी वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडे सरकते. तिने एक छोटे गोल्फ मैदानच पोटात घेतले. १९७३ मध्ये एक स्थानिक महिला बुलडोझरपुढे उभी राहिली म्हणून ही टेकडी वाचली आणि १९७५ मध्ये तिथे राज्य उद्यान झाले.

दीपगृहाची कथा तर या किनाऱ्याचा सर्वांत मोठा धडा मानावी लागेल. १८७० मध्ये ते बांधले तेव्हा समुद्र सुमारे ४५० मीटर दूर होता. शंभर वर्षांत तो जेमतेम ३५ ते ४० मीटरवर आला. धूपप्रतिबंधक बंधारे घालून दीपगृह आहे तिथेच राखावे, अशी अनेक स्थानिकांची मागणी होती. अखेर १९९९ मध्ये सुमारे ६० मीटर उंचीची ही विटांची वास्तू पोलादी तुळयांवर पेलून २३ दिवसांत सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आली. खर्च आला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. तेव्हा या निर्णयाला विरोध झाला होता. आज दीपगृह उभे आहे ते त्या निर्णयामुळेच.

मग घरे का सरकत नाहीत? काही सरकली आहेत. ‘नाइट्स इन रोडँथी’ या २००८ च्या चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेले घर २०१० मध्ये उचलून सुरक्षित जागी नेले गेले. पण हा खर्च मालकाच्या खिशातून होतो. संघीय पूरविमा योजना घर कोसळल्यानंतर इमारतीसाठी कमाल अडीच लाख डॉलर देते. पडण्यापूर्वी पाडण्यासाठी वा हलविण्यासाठी काहीच देत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तशी तरतूद झाली होती, ती १९९० च्या दशकात रद्द झाली. परिणामी घरमालकाच्या दृष्टीने थांबणे हाच शहाणपणा ठरतो. त्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे होईल, कारण नियमच त्याला थांबायला सांगतो.

त्या थांबण्याची किंमत मात्र इतर भरतात. घर पडले की खिळे, काचा, सेप्टिक टाकीतील मैला सार्वजनिक किनाऱ्यावर पसरतो. मे २०२२ मध्ये रोडँथीतील ढिगारा सुमारे २४ किलोमीटरपर्यंत वाहत गेला होता. उद्यान प्रशासनाला किनारा बंद करावा लागतो. आणि किनारा बंद म्हणजे हॉटेले, मासेमारी सहली, दुकाने यांवर जगणाऱ्या कुटुंबांचा हंगाम बुडाला. २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने रोडँथीतील दोन घरे विकत घेऊन पाडली. मार्ग योग्य होता, पण दोन घरांपुरता.

राज्याने १९८५ पासून समुद्रालगत पक्क्या भिंती बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. भिंतीने घर वाचते आणि पुळण जाते, हा त्यामागचा विचार. त्यामुळे उरतो तो समुद्रतळातून वाळू उपसून किनाऱ्यावर टाकण्याचा उपाय. त्यासाठीचा निधी बऱ्याच अंशी पर्यटकांच्या निवासावरील करातून येतो. बक्स्टनमध्ये २०१८ आणि २०२२ मध्ये अशी वाळू टाकण्यात आली होती. त्यानंतर तीन वर्षांतच घरे पडू लागली. माघार घेणे हाच स्वस्त मार्ग आहे, असे ड्यूक विद्यापीठाचे दिवंगत भूवैज्ञानिक ओरिन पिल्की अनेक दशके सांगत राहिले. रस्त्याच्या बाबतीत राज्याने ते एका ठिकाणी ऐकले. रोडँथीजवळ सतत वाहून जाणारा महामार्ग क्रमांक १२ सोडून खाडीवरून सुमारे चार किलोमीटरचा पूल बांधण्यात आला, तो जुलै २०२२ मध्ये खुला झाला. पुलाच्या दक्षिणेला हाच महामार्ग पुन्हा वाळूवर उतरतो आणि बक्स्टनकडे जातो.