वसाहती कशा वाढल्या, कशा सुटल्या : सोलापूर-वळसंगचा धडा



दि. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून तथाकथित ‘शोधाचा सिद्धांत’ नाकारला. पंधराव्या शतकातील पोपच्या फर्मानांचा आधार घेऊन पोर्तुगाल व स्पेनच्या राजांनी परदेशची भूमी आपली मानली होती. त्या फर्मानांत मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा पुरेशी व्यक्त झाली नव्हती, आणि तो सिद्धांत कॅथोलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. हे निवेदन अमेरिका खंडातील आदिवासी बांधवांच्या दीर्घ मागणीतून आले. तथापि तो प्रश्न आपल्याही अंगणातला आहे. साम्राज्य कसे वाढते व कसे ढासळते हे पाहण्यासाठी आपल्याला सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

वसाहती दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात परके लोक येऊन स्थायिक होतात आणि पुढे आपल्याच मायदेशाविरुद्ध उठतात. १७७६ मध्ये अमेरिकेतील तेरा वसाहतींनी तेच केले. दुसऱ्या प्रकारात मूठभर परके अधिकारी एतद्देशीयांच्याच हातांनी लक्षावधींवर राज्य करतात. आपला देश दुसऱ्या प्रकारातला. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तरी सारा मुलूख त्यांनी थेट आपल्या अमलाखाली घेतला नाही. सोलापूर इंग्रजांचे, अक्कलकोट संस्थानिकांचे, तर पलीकडचे तुळजापूर व नळदुर्ग निजामाचे, अशी विभागणी राहिली. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगच्या पंचक्रोशीतील माणूस बाजारहाटाला किंवा देवदर्शनाला निघाला, तरी दोन-तीन राजवटींच्या हद्दी ओलांडत असे. या तुकड्यांमुळे प्रजा एक होत नव्हती, आणि राज्यकर्त्यांना स्वस्तात कारभार करता येत होता.

शस्त्राने मिळविलेले राज्य पुढे व्यापाराने पक्के झाले. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला व दख्खनच्या कापसाला विलायतेत मागणी आली. युद्ध संपले, भाव पडले, आणि शेतकरी कर्जात राहिला. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि गाव सोडलेल्यांना भोंग्यावर चालणारे नवे जीवन लाभले. रेल्वे व गिरण्यांनी रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र कोणत्या मालाला काय भाव, कोणावर किती कर, हे ठरविण्यात त्या कामगारास वा शेतकऱ्यास स्थान नव्हते. वसाहतीचे मर्म हेच.

याच गिरणीकामगारांच्या शहराने १९३० मध्ये साम्राज्याला हादरा दिला. मिठाच्या सत्याग्रहात महात्मा गांधींना ४ मे च्या मध्यरात्रीनंतर अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला. ८ मे रोजी जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष उडाला, गोळीबार झाला, माणसे मारली गेली. जमावाच्या हातून पोलिसांचेही प्राण गेले आणि न्यायालयाची इमारत जळाली. सरकारी अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला व काही दिवस स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. हे चौघे भिन्न समाजांतून व धर्मांतून आले होते, ही गोष्ट आजच्या वातावरणात पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही, ती कोणत्याही बाजूची असो. परंतु त्या दिवसांत एक सत्य उघड झाले : साम्राज्य प्रजेच्या दैनंदिन आज्ञापालनावर उभे असते. गिरणी बंद, बाजार बंद, कचेरी ओस, एवढे घडताच सरकारला बंदुकीशिवाय दुसरा आधार उरला नाही. असे राज्य काही काळ टिकते, पण त्याची मान्यता संपलेली असते.

या कहाणीची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवण्याची एक मोठी वसाहत सोलापुरात होती. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडण्याची तेथे मुभा नव्हती. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, परंतु तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे या बांधवांसाठी वसाहत शब्दशः शिल्लक होती. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही पत्त्यांत लिहिले जाते. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद व विमुक्त जमातींविषयीचे पूर्वग्रह घटनाबाह्य ठरवावे लागले. राज्यकर्ते निघून गेले, त्यांची नोंदवही मागे राहिली.

स्वकीयांनी स्वकीयांवर लादलेली गुलामगिरी त्याहूनही जुनी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्या खटल्याचा उच्च न्यायालयातील निकाल मार्च १९३७ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. त्याच १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि तेथील दलित बांधवांनी खोदलेल्या विहिरीचे पाणी प्यायले. सोलापुरात परक्या सत्तेविरुद्ध जे घडले, त्याचा उरलेला अर्धा भाग वळसंगच्या त्या विहिरीपाशी दिसतो. इंग्रज गेला म्हणून पाणवठा आपोआप खुला होत नाही. त्यासाठी ज्यांना दूर ठेवले त्यांनाच कुदळ हाती घ्यावी लागली.

यात आपण ख्रिस्ती लोक कोठे होतो, हा प्रश्न विचारला जातो व पुढेही विचारला जाईल. आपला धर्म साम्राज्याबरोबर आला, असा आरोप होतो. गोवा व वसईच्या इतिहासात पोर्तुगीज मुकुट व धर्मकार्य यांची गाठ पडली होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण तेवढाच आपला इतिहास नव्हे. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद माझगावच्या जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा या कॅथोलिक बॅरिस्टरांनी भूषविले. १९२८ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली व पुढे पोर्तुगालच्या कारागृहात बंदिवास सोसला. १९५५ मध्ये बारावे पायस यांच्या भेटीनंतर, गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे पोप महोदयांनाही मान्य असल्याचे पंडित नेहरूंनी सांगितले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ख्रिस्तसभा तेथे आजही उभी आहे. तिला परक्या मुकुटाची गरज नव्हती, हे त्यावरून सिद्ध झाले.

म्हणून आरोपाला केवळ थोर नावांची यादी हे उत्तर पुरेसे नाही. आपल्या धर्मग्रामांत अजूनही कोणत्या जातीचे कुटुंब कोठे बसते, कोणाचा मुलगा कोणाच्या घरी सोयरीक मागू शकतो, समितीवर कोणाची नावे वर्षानुवर्षे येतात आणि कोणाची येत नाहीत, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे. विमुक्त जमातीचा एखादा तरुण आपल्या शाळेत वा वसतिगृहात आला, तर काही हरवताच पहिली नजर कोणाकडे वळते? व्हॅटिकनने पाच शतकांपूर्वीच्या कागदांविषयी प्रांजळपणे बोलण्याचे धैर्य दाखविले. आपल्याला तर आजच्या वहीतील नोंदी तपासायच्या आहेत. येत्या धर्मग्राम सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी आमची सर्व धर्मग्रामांना विनंती आहे.