मृगापूर्वीचे आकाश पाहून घ्या

मे महिना उतरणीला लागला की श्रीगोंदा तालुक्यात रोहिणी आणि मृगाच्या गोष्टी सुरू होतात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत, तर ७ किंवा ८ जूनला मृगात जातो. म्हणजेच ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात बुडालेले असते आणि रात्री दिसतच नाही. नक्षत्रांची नावे आजही पेरणीशी जोडलेली आहेत. ती आकाशात बोटाने दाखवणारे मात्र कमी होत आहेत.

पावसाळी ढग येण्याआधीचे हे शेवटचे दोन-तीन आठवडे म्हणूनच महत्त्वाचे. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच दिसतात. त्यातील पुलह आणि क्रतू या ताऱ्यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ध्रुव सापडतो. श्रीगोंद्याहून तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब केल्यास जेमतेम दोन मुठी वर असतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती आणि त्यापुढे पांढरीशुभ्र चित्रा. साडेदहाच्या सुमारास स्वाती जवळजवळ डोक्यावर येते. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघालेला आहे.

दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू पाहावा. दिल्लीकरांना तो पूर्ण दिसत नाही. इथे मात्र त्याचे चारही तारे दिसतात. आग्नेयेला लालसर ज्येष्ठा घेऊन वृश्चिक वर येतो आणि मध्यरात्री त्याच्या मागे आकाशगंगेचा पट्टा उजळतो. चंद्र नसलेली रात्र निवडावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे द्यावीत. मोबाइल पाहिला की ही सवय मोडते.

हे सारे दिसायला अंधार मात्र हवा. चौकातले हायमास्ट आणि पांढरेशुभ्र एलईडी दिवे जमिनीइतकाच आभाळावरही प्रकाश टाकतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आणि सापांची भीती असते, त्यामुळे दिवे नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण वर जाणारा प्रकाश ना बिबट्या दाखवतो, ना साप. तो केवळ वीज खातो. शिवाय रात्रीच्या निळसर-पांढऱ्या प्रकाशाने शरीरातील मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक कमी होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांवर ३००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर दिवे वापरण्याची शिफारस केली होती.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ग्रामपंचायतींना तेवढे मोठे काही करायचे नाही. नवे दिवे घेताना पिवळसर निवडावेत, त्यांना वरून झाकण असावे आणि प्रकाश रस्त्यावरच पडावा, एवढी अट ठरावात घातली तरी पुरे. उजेड कमी न होता आभाळ परत मिळेल.

तोवर मुलांना रात्री गच्चीवर न्यावे. शेताच्या बांधावर जाण्याची गरज नाही. मृगाच्या सरी आल्या की ही संधी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेली.