खंडू कुठेही जाणार नाही!

परवा मावशीचा फोन आला. "गणपतीला येते गं, पण तो एड्सवाला बोका घरात असेल तर नको बाई. मासळीबाजारात सोडून ये की त्याला. खाईल, जगेल." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. आता बघून झालंय. मावशी हा ब्लॉग वाचते, म्हणून इथेच उत्तर देतेय. मावशी, रागावू नकोस, पण ऐक.

खंडूला एफआयव्ही आहे. चार वर्षांपूर्वी फाटका, चिघळलेला कान घेऊन तो आमच्या जिन्यात येऊन बसला. रक्त तपासलं, पट्टीवर रेघ उमटली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "इंजेक्शन देऊन मोकळं करू या." मी त्याला टोपलीत घालून घरी घेऊन आले. दुसऱ्या डॉक्टरांनी कानावर औषध दिलं आणि नसबंदी केली.

हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. एचआयव्हीचा लांबचा भाऊबंद, म्हणून 'मांजरांचा एड्स' हे नाव चिकटलं आणि तिथेच सगळा घोळ झाला. माणसाला तो होत नाही. मांजराने चाटलं तरी नाही, अगदी चावलं तरीही नाही. मांजरांमध्येही तो पसरतो मुख्यतः खोल चाव्यातून. आणि चावे कोण घेतं? नसबंदी न झालेले, हद्दीसाठी भांडणारे रस्त्यावरचे बोके.

म्हणजे मावशी, तू सुचवतेस तेच रोग पसरवायचं काम! बाजारात सोडला की खंडू पुन्हा मारामाऱ्या करणार. घरात तो फक्त उन्हाच्या तुकड्यासाठी भांडतो, तेही पडद्याशी.

आमची चिंगी त्याच्याच ताटलीत जेवते. तिची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. त्यांचं बिनसलं असतं तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं असतं. ल्युकेमियाचा विषाणू असता तर एक ताटली चाललीच नसती, कारण तो लाळेतून पसरतो. त्यावर निदान लस तरी आहे. आजार आजारात फरक असतो, तो समजून घ्यायला नको का?

खंडूचं सगळं छान आहे असंही नाही. हिरड्या सुजतात, साध्या सर्दीलाही दवाखाना गाठावा लागतो, कच्चं मांस बंद, बाहेर फिरणं बंद. पण अशी कितीतरी मांजरं वर्षानुवर्षं सुखाने जगतात. आणि पिल्लांच्या बाबतीत तर पहिल्या रेघेवर निकालच लावू नये. ती आईकडून आलेल्या अँटिबॉडीजची असू शकते. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासावं.

आजोबांना मधुमेह झाला तेव्हा आपण त्यांना कुठे सोडून आलो नव्हतो. फक्त साखरेचा डबा वर ठेवला.

तेव्हा मावशी, ये. खंडू मोदकांना तोंड लावत नाही. चिंगीची मात्र हमी देत नाही.