पॅक करायला शिका!

दिवाळीत मामाच्या घरी तीन पत्ती खेळत मोठं झालेल्यांना वाटतं, पोकर म्हणजे काय, दोन पानं जास्त एवढंच. मलाही वाटायचं. आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा टेक्सास होल्डम मांडला, तेव्हा माझी सिक्वेन्स लागली आणि समोरच्याचा नुसता कलर. मी खुशाल चणे ओढायला हात पुढे केला (आम्ही काबुली चण्यांवर खेळतो) आणि सगळे फिस्सकन हसले. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो! तीन पानांत सिक्वेन्स जुळणं जास्त अवघड, पाच पानांत कलर जुळणं जास्त अवघड, म्हणून क्रम उलटा.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, मग एक, मग आणखी एक. या सातांतून आपली सर्वांत भारी पाच धरायची. सुरुवातीला आणि मग मधली पानं उघडतील तसं, असं चार वेळा बोलायचं. लावा, वाढवा नाहीतर पॅक करा.

नवखे सगळे ब्लफ शिकायला येतात. सिनेमातला तो गॉगल, थंड चेहरा, ‘ऑल इन’ म्हणत पुढे ढकललेला ढीग. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने ब्लफ विसरा आणि पॅक करायला शिका. कंटाळवाणं वाटेल, पण गणित तेच सांगतं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वेळा पानं वाटल्यावर एकदा येते. कुठलीही जोडी म्हटली तरी १७ वेळांत एकदा. म्हणजे आठ-नऊ जणांच्या टेबलावर नवख्याने पाचातले चार हात सरळ टाकून द्यावेत. आणि नेमकं तेच जमत नाही. पानं हातात आली की खेळायलाच हवं असं वाटतं. ‘दोन्ही बदामाची आहेत रे!’ हे तर ठरलेलं वाक्य. हातातली दोन्ही पानं एका रंगाची असली, तरी मधल्या पहिल्या तीन पानांतच कलर पुरा होण्याची शक्यता एक टक्कासुद्धा नाही.

बोलायची पाळी कधी येते यावरही बरंच ठरतं. सगळ्यांच्या आधी बोलायचं असेल तर मोठी जोडी किंवा एक्का-राजा असेल तरच पुढे जा. शेवटी बोलायचं असेल तर बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं, तेव्हा थोडी सूट चालते.

खरं दुखणं पुढेच आहे. समजा, मधलं शेवटचं पान उघडायचं राहिलंय आणि तुमच्या कलरला एकच पान कमी आहे. मधे ६० चणे आहेत, समोरच्याने आणखी ६० टाकले. तुम्हाला ६० टाकावे लागणार, जिंकलात तर मिळणार १२०. म्हणजे तीनात एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेल्या ४६ पानांत तुमच्या कामाची नऊ. साधारण पाचात एकदा. पॅक! पण तोंडातून काय निघतं? ‘आता इतके टाकलेत तर...’ अरे, जे मधे गेलं ते तुझं राहिलंय कुठे?

आणि पॅक केल्यावर नेमकं तेच पान आलं तर? येणारच की, पाचात एकदा. म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. अ‍ॅनी ड्यूक या एकेकाळच्या पोकर खेळाडूचं ‘थिंकिंग इन बेट्स’ हे पुस्तक याच मुद्द्यावर आहे. पोकर खेळत नसाल तरी वाचा.

हे सगळं मला शिकवलं माझ्या रूममेटने. गणितात माझ्या कितीतरी पुढे. चण्यांच्या डावात एकदम शिस्तीत पॅक करायचा. हाच पोरगा एका अ‍ॅपवर तीन महिन्यांचं भाडं आणि घरून क्लाससाठी आलेले पैसे हरला. रात्री दोन वाजता, हरलेले परत मिळवायला, एकाच वेळी चार टेबलं उघडून. एकेक हात तो बहुधा बरोबरच टाकत होता. ते अ‍ॅप मात्र त्याला टाकता आलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा घरमालक दारात उभा होता.

म्हणून ‘पोकर हा स्किलचा गेम आहे’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. वाक्य खरंच आहे. पण स्किल दिसायला हजारो हात खेळावे लागतात, आणि तोवर समोर तुमच्यापेक्षा जास्त स्किलवाला बसलेला असतो. शिवाय पैशांच्या टेबलावर खेळवणारा आपला कट काढतो, त्याला रेक म्हणतात. म्हणजे खेळणारे सगळे मिळून तोट्यातच. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन अकाउंटंट ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो. त्या स्पर्धेत ८३९ जण होते. उरलेल्यांपैकी कोणाचं नाव कुणाला ठाऊक आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला, स्किल असो वा नशीब. माझ्या मते बरं झालं. ‘आम्ही मोठे आहोत, आमचं आम्ही बघू’ हा मुद्दा मला कळतो. पण रात्री दोनला, हरलेल्या अवस्थेत, मोठं कोण असतं? आणि व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळणाऱ्यांना विचारतो, पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार?

खेळच सोडावा, असं मात्र मी म्हणणार नाही. पण काहीच पणाला नसेल तर कोणी पॅक करत नाही, सगळे प्रत्येक हात खेळतात आणि मजाच जाते. आमची तोड अशी : प्रत्येकाला १०० चणे, संपले की संपले, उधार नाही. पहिला बाद होणारा आठवडाभर सगळ्यांची भांडी घासतो. रूममेटही खेळतो. गेल्या शनिवारी त्याने सलग अकरा हात टाकले. बाराव्याला मी राजांच्या जोडीवर सगळे चणे लावले आणि त्याने शांतपणे दोन एक्के उलटे केले. तुझा निर्णय बरोबर होता, असं त्यानेच मला समजावलं. रविवारची करपलेली कढई मीच घासली.